पेपरातला चौकोन

"आजबी कापसाचा भाव गेला कापून," पेपर उलगडत वीरेश आईच्या, मल्लम्माच्या, कानाशीच कुरकुरला.

पानाला चौकोनी भोक होतं. तिचे मालक, वीरेशचे वडील रुद्रप्पा, रोज सकाळी चित्रकथा कापून वहीत चिकटवायचे आणि पाठीमागचा बाजारभाव त्या तुकड्यासंगं जायचा.

त्यांना माती देऊन महिना झाला, तरी पेपर कापलेलाच यायचा. पेपरवाला बदलून झाला. घरात त्यावर कुणी बोलत नसे. आज तर वीरेशनं सिरसाळ्याच्या स्टँडवर जाऊन गठ्ठ्यातून स्वतः काढून आणला होता.

मल्लम्मानं कपाटातली वही काढली. रडायचं तिला अजून सुचलंच नव्हतं. शेवटच्या पानावर आजचं चित्र चिकटवलेलं होतं. खळ ओली होती.

ती मालकांच्या रिकाम्या खुर्चीकडं वळली.

"अवो, तुमी वारलाव."