अखंड खडक

"आमची बोअर आणि तुमच्या विहिरी यांच्यामध्ये अखंड खडक आहे. पाण्याचा थेंब इकडून तिकडे जात नाही!" वस्तीतल्या विहिरींनी तळ गाठला, तरी कारखान्याच्या मॅनेजरचं पालुपद सुटेना.

भूजलवाल्या बाईने कंबर कसली आणि वस्तीतल्या सातही विहिरींत पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं सोडली. "कारखान्याच्या पंपाने कुठल्या विहिरीचं पाणी किती खाली-वर होतं, त्यावरून खडकातल्या पाण्याच्या वाटांचं चित्र काढते की नाही बघा," असं तिने चारचौघांत ठणकावून सांगितलं. ते मॅनेजरच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार?

मोजणीच्या दिवशी त्याने रात्रंदिवस चालणारा पंप गुपचूप बंद केला आणि दुपारी मिशीत हसत वस्तीत आला.

"काय बाई, सापडली का एखादी वाट? आमचा पंप तर आज बंदच आहे!"

बाईने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.


"दहा वाजून चार मिनिटांनी बंद केलात, साहेब. तेव्हापासून आमच्या सातही विहिरींचं पाणी चढतंय."