आठवणींची मालकी

"लग्न कुठे झालं?" तंत्रज्ञ नीरजाने विचारले.

"सांगलीला. नवरामुलगा फार घाबरला होता," हेमंत केळकर म्हणाले.

शेजारी बसलेली त्यांची बायको शरयू पुढे झुकली. "अहो, नवरामुलगा तुम्हीच होतात!"

"हो, तशी नोंद आहे खरी."

नीरजाला चूक कळली. हेमंतच्या आठवणी सांभाळणारा, कानामागे बसवलेला सर्व्हर बंद पडला होता. तिने तो नव्याने उभा करून बॅकअप परत भरला होता. एकही आठवण हरवली नव्हती. पण भरताना ती रूट म्हणून, म्हणजे यंत्रणेच्या मुख्य खात्यातून, लॉगिन होती, त्यामुळे प्रत्येक फाइलची मालकी यंत्रणेकडे गेली होती. हेमंतना सगळे वाचता येत होते, पण त्यातले काहीच त्यांचे नव्हते.

"एका कमांडचं काम आहे. मालकी त्यांच्या नावावर करते."

"थांबा," शरयू म्हणाली. "आमची ईरा गेली, तेही त्यात आहे."

"तेवढं वगळता येईल."

"नदीत बुडाली ती मुलगी ना?" हेमंतनी उत्सुकतेने विचारले. "तिच्या वडिलांना फार त्रास झाला असेल. राहू दे की ते तसंच."

शरयू त्यांच्याकडे बघत राहिली. "तिच्याबद्दल आम्ही दोघंच बोलायचो," ती नीरजाला म्हणाली. "आता मी कोणाशी बोलू?"

हेमंतनी जरा विचार केला.

"मग सगळंच करा," ते म्हणाले. "बाई अगदी एकट्या पडल्यात."

नीरजाने एंटर दाबले. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग हेमंतचा चेहरा आक्रसला.

"शरयू," ते म्हणाले, आणि तिने आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.