दमाचा माणूस

"श्वास सोडा, काका! रोखू नका!"

सगुण तांडेल तिसऱ्यांदा वर आला, तेव्हा प्रशिक्षक प्रज्योत ओरडला. सगुणच्या पाठीवरचा सिलिंडर जवळपास भरलेलाच होता.

चाळीस वर्षं सगुणने मालवणच्या याच खडकांत नुसत्या दमावर बुड्या मारून अडकलेली जाळी सोडवली होती. आता पर्यटकांना तिथे न्यायचं, तर डायव्हिंगचं प्रमाणपत्र लागत होतं.

"पाण्यात दम धरूचो, ह्या हाडात भिनलाहा रे," तो म्हणाला. "तुकाय मियाच तसा शिकवलंय."

"शिकवलंत खरं. पण सिलिंडरची हवा छातीत कोंडून वर आलात, तर फुप्फुस फाटेल. नापासच लिहावं लागणार."

मोसम सुरू झाला. प्रज्योतच्या होडीवर नांगर टाकायचं काम सगुणला मिळालं, कारण खडकाची नेमकी जागा त्यालाच ठाऊक होती. खालून वर आलेली पुण्याची एक मुलगी धापा टाकत म्हणाली, "काका, काय सुंदर आहे हो खाली! तुम्ही कधी पाहिलंय?"

सगुणने सांगायला तोंड उघडलं.

"छे, काकांना जमत नाही," प्रज्योतच हसत म्हणाला.

सगुण नांगर ओढू लागला.