मागचं दार

सुप्याच्या सीएनजी पंपावर तासभर उन्हात ताटकळल्यावर नितीनचा नंबर लागला. आईच्या अस्थी पुण्याहून पैठणला न्यायच्या होत्या. मागच्या सीटवर कलशाला सीटबेल्ट लावला होता. नितीन उतरला. “मागच्या मावशींनाबी उतरवा,” पंपावरचा माणूस म्हणाला. “गॅस भरताना गाडीत कुनी बसायचं न्हाई.” मागे नुसता कलश आहे, हे दाखवायला त्याने मागचं दार उघडलं. “सावकाश, मावशी. त्या बाकावर बसा,” माणूस म्हणाला. आईचे गुडघे धरलेले असायचे, दर पंपावर ती उतरताना नितीन खेकसायचा, “आटप लवकर!” गॅस भरला. नितीनने घाईघाईने गाडी काढली, तर माणूस धावत आला. “अवो, मावशी बाकावरच राहिल्या की!” बाक रिकामा होता. मागे हॉर्न वाजत होते. नितीन उतरला. मागचं दार उघडून थांबला. गाडी मागून किंचित दबली, तेव्हाच त्याने दार लावलं.