शंभरची लाइन

“चाळीसची लाइन पुरे, काका. एचडीला पाच-सहा एमबीपीएस लागतात. टीव्ही एकच ना घरात?”

नेट जोडायला आलेला दीपेश स्टुलावर चढून भिंतीला भोक पाडत होता.

“शंभरचीच टाक,” कुशाबा म्हणाला. “पोराचं लग्न आहे. मध्येच अडकायला नको.”

साखरपुड्याला तसंच झालं होतं. परळच्या या चाळीत कुशाबा आणि मालन मोबाईलला डोकी लावून बसले होते. सुशांत अंगठी घालायला वाकला आणि चित्राचे चौकोन-चौकोन झाले. नीट दिसायला लागलं तेव्हा माणसं जेवायला उठली होती.

सुशांत नोकरीला दुबईत. होणारी सून आकांक्षा, तिचे आईवडील तिथलेच, म्हणून लग्नही तिथेच. आईबाबांच्या व्हिसाचं त्यानेच बघितलं आणि झाला नाही म्हणून त्यानेच कळवलं. सांगताना त्याचा आवाज भरून आला होता. शेवटी मालननेच त्याची समजूत काढली.

“नवीन लाइन कशाला, बाबा?” त्या संध्याकाळी फोनवर तो म्हणाला. “मोबाईलवर दिसेल की.”

“टीव्हीवर बघणार. अख्ख्या मजल्याला बोलावलंय.”



“एवढ्या लोकांना कशाला?”

“अरे, तुझं लग्न आहे.”

लग्नाच्या संध्याकाळी मालन रेशमी साडी नेसून, नथ घालून टीव्हीसमोर बसली. शेजारपाजारच्या बायका दारापर्यंत दाटल्या. गिरणीत कुशाबाच्या जोडीला असलेला बुधाजी इस्त्रीचा सदरा घालून आला होता. मालनने प्रत्येकाच्या हातावर अक्षता ठेवल्या.

चित्र इतकं स्वच्छ होतं की मुंडावळ्यांचे मणी मोजून घ्यावेत. सुशांत गालात खंगलेला दिसला, ते मालनने दोनदा बोलून दाखवलं. वराच्या बाजूला सोनेरी चष्म्याचे कोणी गृहस्थ, शेजारी त्यांची बायको. भटजी सांगतील तसं दोघं करत होते.

“आईबापाच्या जागेवर कोण रे ते?” बुधाजीने विचारलं.

“कंपनीतले साहेब असतील,” कुशाबा म्हणाला. “परमुलखात कोणीतरी उभं राहायला पाहिजे ना.”

बुधाजीने मान हलवली. कुशाबाने रिमोट उचलला आणि उगाच आवाज वाढवला.

मंगलाष्टकं झाली. सगळ्यांनी टीव्हीवर अक्षता टाकल्या. बायकांनी मालनला पेढा भरवला. ती रडली, हसली, परत रडली. कुशाबाने नातेवाईक नसलेल्यांनाही मिठ्या मारल्या. टीव्हीत नवरानवरी हॉलमधून उघड्या गच्चीवर आली. पाहुणे त्यांच्याभोवती गोळा झाले.

तेवढ्यात बाहेर धडाधड आवाज झाले. सगळे खिडकीकडे वळले. चाळीसमोरच्या टॉवरच्या माथ्यावर फटाके फुटत होते. आधी हिरवे, मग सोनेरी.

“थंय पण कोणाचा तरी लगीन दिसता,” मालन म्हणाली. मुठीत राहिलेल्या अक्षता तिने खिडकीतून टॉवरच्या दिशेने टाकल्या. “देव त्येंचापण बरा करो.”

ती वळली, तेव्हा टीव्हीत सुशांतच्या डोक्यावर फटाके फुटत होते. आधी हिरवे, मग सोनेरी. आणि त्यांच्या उजेडात त्याच्या पाठीमागे, खूप खाली, त्यांच्याच चाळीची कौलं अगदी स्वच्छ दिसत होती.