कानाचा माणूस

"संगीत कानात असतं! कागदावर असते ती वाणसामानाची यादी!" काकांनी जाहीर केलं आणि ऍकॉर्डियन ऐटीत खांद्याला लावला. पट्टा सटकला, भाता केविलवाणा कण्हला.

हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये रोज वाजवणाऱ्या त्या वाद्यवृंदात काकांना सगळे कानसेन म्हणत. बाकीचे समोर कॉर्ड लिहिलेला कागद ठेवून वाजवत. काकांना ते वर्ज्य. शेजारी गिटार घेऊन बसणारी त्यांची पुतणी मात्र कागदावाचून पांगळी. काका तिला ऊठसूट टोमणे मारत, पण वाजवताना तिच्याकडेच कलून बसत. केवढी माया, असं लोक म्हणत.

नव्या मॅनेजरला मायेशी कर्तव्य नव्हतं.

"उद्यापासून प्रत्येकापुढे कागद हवा. नसेल त्याने घरी बसायचं."

"कागद ठेवणार नाही आणि घरीही बसणार नाही," काका म्हणाले. "नवंकोरं गाणं घ्या. अडलो तर हे वाद्य इथेच ठेवून जातो."

पुतणीने काकांची बाही ओढली. त्या वाद्याखेरीज काकांना दुसरं होतं काय?

वाद्यवृंदाच्या गायिकेने स्वतः बांधलेलं, कुणीच न ऐकलेलं गाणं निवडलं. काकांना बाहेर उभं करून तिने बाकीच्यांना कॉर्ड सांगितले. त्यांनी भराभरा उतरवून घेतले.

काका आत आले आणि सुटलेच! कुठे अडणं नाही, चाचपडणं नाही. अंतऱ्यात मात्र पुतणीचा कॉर्ड गायिकेच्या सुराशी भांडला. काकांनीही नेमका तोच लावला. गायिका अडखळली.

"सूर सांभाळा, बाई!" काका गरजले.

"अहो, चाल माझी आहे!"

"मग नीट बांधायची होती!"

मॅनेजरने डोकं खाजवलं. कागद आणि कान एकच सांगताहेत, म्हणजे गायिकाच चुकली. त्याने तिथल्या तिथे सक्ती मागे घेतली.

पुतणीचा ऊर भरून आला. सामान आवरायच्या खोलीत तिने आपल्या कागदाचे टराटरा तुकडे केले.

"ठरलं, काका! उद्यापासून मीपण कानानेच वाजवणार. मग कुणी काही म्हणो!"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"खुळी की काय तू? कागद ठेवायचा. रोज ठेवायचा," ते कुजबुजले. "आणि हे बघ, जरा मोठ्या अक्षरात लिहीत जा."