जुनं उत्तर

लिझेलने पाटीवर आधी सात लिहिला, मग सहा.

खाली पालकांच्या रांगेत बसलेले नेस्तोर सर खुर्चीच्या कडेला सरकले. स्पर्धेतला हा प्रश्न सगळ्या मैदानाने ऐकला होता: फिलिपाइन्समध्ये एकूण बेटं किती? मागून कुणीतरी ओरडलंही होतं, "भरतीला की ओहोटीला?" आणि त्या जुन्याच विनोदाला लोक हसले होते. लिझेल हसली नव्हती. तिला दोन आकडे माहीत होते.

दोन्ही सरांनीच शिकवलेले. सात हजार एकशे सात हा जुना, शाळेच्या पुस्तकातला. पुढे नव्याने मोजणी झाली, पाचशेच्या वर बेटं जास्त निघाली आणि आकडा झाला सात हजार सहाशे एक्केचाळीस. काल होडीत चढताना लिझेलने विचारलं होतं, "सर, हे आलं तर कुठला लिहू?"

"खरा नवा आहे," सर म्हणाले होते. "पण तू जुना लिही. परीक्षकांच्या कागदावर पुस्तकातलंच असतं."

ते उगाच म्हणाले नव्हते. गेल्या वर्षी त्यांच्या विद्यार्थ्याने लिहिलं, सर्वांत जास्त चंद्र शनीला. कागदावर गुरू होता. सर उठून भांडले, वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं. मुख्य परीक्षक ओबिंग मॅडम एवढंच म्हणाल्या, "कागदावर आहे ते उत्तर, सर. बसा." तीन तास होडीतून आलेल्या बेटावरच्या मास्तराला चारचौघांत बसा म्हटलं की तो बसतो. सरही बसले होते.

आता व्यासपीठावर दोघंच उरले होते, लिझेल आणि गावातल्या मोठ्या शाळेचा कार्ल. गुण सारखे. हा शेवटचा प्रश्न. जिंकेल तो प्रांताच्या फेरीला कॅटबालोगनला जाणार. सरांच्या शाळेतून तिथवर अजून कुणी पोचलं नव्हतं.

"दहा सेकंद," मॅडम म्हणाल्या.

लिझेलने मान वर केली आणि एवढ्या गर्दीतून नेमकं सरांकडे पाहिलं. त्या क्षणी सरांना वाटलं, लिहू दे पोरीला. येतंय ते लिहू दे. पण खुणेला बंदी होती. नुसती मान हलली तरी शाळा बाद. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि पापणीसुद्धा लवू दिली नाही.

लिझेलने तळहाताने सहा पुसला.

"पाट्या वर."

कार्लच्या पाटीवर ७,६४१. लिझेलच्या पाटीवर ७,१०७.

ओबिंग मॅडमनी कागदावर बोट ठेवलं. "सात हजार सहाशे एक्केचाळीस. विजेता, कार्ल."

टाळ्या थांबल्यावर मॅडम माइकवरूनच मायेने म्हणाल्या, "लिझेल, बाळा, तुझा आकडा आता जुना झाला. बेटावर नवी पुस्तकं पोचत नाहीत. त्यात तुझा काही दोष नाही."

लोक हळहळले. लिझेल पाटी छातीशी धरून उभी राहिली. सरांकडे तिने पाहिलंही नाही, आणि तेच त्यांना सहन झालं नाही. ते उठले.

"मॅडम, तिला नवा आकडा येतो."

"तक्रार आहे का, सर?"

"नाही. निकाल बरोबर आहे. जुना लिही म्हणून मीच तिला सांगितलं होतं."

"खरं काय ते माहीत असून?"

"हो."

"का पण?"

"गेल्या वर्षी तुम्हीच म्हणालात, कागदावर आहे ते उत्तर."

ओबिंग मॅडमनी माइक बंद केला. टेबलाला वळसा घालून त्या खाली आल्या, सरांच्या अगदी जवळ.

"त्या दिवशी घरी जाऊन मी पाहिलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शनीच बरोबर होता. मग सगळे प्रश्न काढून बसले. एकेक तपासला. चौदा उत्तरं बदलली. तुम्हाला कळवायला हवं होतं. लाज वाटली."

सरांच्या मनात इतके दिवस राग होता, तो धरायलाही आता जागा उरली नव्हती.

दुपारी होडी सुटली. दुसऱ्या क्रमांकाचं पदक लिझेलने दप्तरात टाकलं होतं. धक्का दिसेनासा झाला तरी ती पाण्याकडेच बघत होती.

"माझं चुकलं, लिझेल," सर म्हणाले.

"हं."

त्यांनी केळीच्या पानात बांधलेला चिकट भाताचा सुमान सोडून तिच्यापुढे धरला. तिने तो मोडला आणि अर्धा त्यांच्या हातात परत ठेवला.

"पुढच्या वर्षी माझी बहीण बसेल स्पर्धेला," खाता खाता ती म्हणाली. "तिला कुठलं उत्तर लिहायला सांगाल?"

सरांनी घास गिळला. "तिची तयारी तूच करून घे."

लिझेलने त्यांच्याकडे नीट पाहिलं. व्यासपीठावरून पाहिलं होतं त्यानंतर आत्ता पहिल्यांदाच.

"घेईन," ती म्हणाली. "पण तुम्ही मध्ये बोलायचं नाही."